एसटीएम-४ फ्रेमर चिप: पॉइंटर प्रक्रिया आणि त्रुटी-मोजणीच्या कसोटीवर

आमच्या लाइन कार्डावर गेली तीन वर्षे वापरात असलेल्या एका फ्रेमर चिपचे हे परीक्षण आहे. ही चिप ६२२.०८ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाचा एसटीएम-४ प्रवाह (एसडीएच या डिजिटल दूरसंचार मानकातील एक वेगस्तर) प्रकाशीय मॉड्यूलकडून घेते, फ्रेमची सुरुवात ओळखते, ओव्हरहेडचे, म्हणजे मालाव्यतिरिक्त देखरेखीचे, बाइट वेगळे काढते, चारही एयू-४ चे, म्हणजे फ्रेममधील मालाच्या चार एककांचे, पॉइंटर (माल कुठे सुरू होतो ते सांगणारे आकडे) वाचते आणि आतला माल कार्डाच्या स्वतःच्या क्लॉकवर आणून नव्या पॉइंटरसह क्रॉस-कनेक्टकडे (मार्ग जोडून देणाऱ्या भागाकडे) सोपवते. चिपचे आणि उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या माझ्या एका कार्डाच्या, माझ्या एका ड्रायव्हरच्या अनुभवातून आलेल्या आहेत. ज्या कसोट्यांवर मी ती तपासली त्या मात्र या वर्गातील कोणत्याही चिपला लावता येतील. माझे मत आधीच सांगतो: पॉइंटर हाताळण्यात ही चिप उत्तम आहे, त्रुटी मोजण्यात विश्वासार्ह आहे आणि जे मोजले ते सॉफ्टवेअरच्या हाती देण्यात मात्र उणी पडते.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. एसडीएचची फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची असते, म्हणजे सेकंदाला ८००० फ्रेम येतात. एसटीएम-१ मध्ये ही फ्रेम ९ ओळी आणि २७० स्तंभांची असते. त्यातले पहिले ९ स्तंभ ओव्हरहेडचे आणि उरलेले २६१ स्तंभ मालाचे. माल ज्या व्हीसी-४ मध्ये, म्हणजे मालाच्या डब्यात, भरलेला असतो तो फ्रेमच्या सुरुवातीशी जखडलेला नसतो, तो तिच्यात कुठेही सुरू होऊ शकतो, आणि तो नेमका कुठे सुरू होतो हे चौथ्या ओळीतील एच१ व एच२ हे बाइट सांगतात. त्यांतील दहा बिटांची किंमत ० ते ७८२ यांमध्ये असते आणि एक पायरी तीन बाइटांची असते. पाठवणाऱ्याचे आणि पुढे नेणाऱ्याचे क्लॉक तंतोतंत जुळत नसेल, तर हा पॉइंटर एकेक पायरी पुढे किंवा मागे सरकतो. पुढे सरकताना दहापैकी पाच 'आय' (वाढीचे) बिट उलटे होतात आणि एच३ नंतरचे तीन बाइट रिकामे जातात. मागे सरकताना पाच 'डी' (घटीचे) बिट उलटे होतात आणि एच३ च्या जागी तीन बाइट माल जातो. एकदा सरकल्यानंतर पुढील किमान तीन फ्रेम पुन्हा सरकायचे नाही असा नियम आहे. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त २००० वेळा पॉइंटर सरकू शकतो, आणि त्यावरून गणित केले तर ही यंत्रणा दशलक्षांत सुमारे ३२० भागांपर्यंतचा क्लॉकमधील फरक पेलू शकते. प्रत्यक्षातील उपकरणांची क्लॉक याच्या कितीतरी आत असतात. म्हणूनच पॉइंटर हलूनही माल सुखरूप पोहोचतो आणि कोणाला काही कळत नाही.

चिप हाती आल्यावर मी पहिल्यांदा पॉइंटर वाचणारा भाग तपासला. चाचणी-उपकरणातून सलग सात फ्रेम अवैध पॉइंटर पाठवला आणि आठव्या फ्रेमला पुन्हा योग्य पॉइंटर दिला. चिपने 'पॉइंटर हरवला' असे घोषित केले नाही. सलग आठ फ्रेम अवैध पॉइंटर दिल्यावर मात्र लगेच केले. नेमके असेच व्हायला हवे. नवी किंमत सलग तीन फ्रेम सारखी आली की ती स्वीकारणे, एच१ आणि एच२ मध्ये सलग तीन फ्रेम सगळे एक आले की अलार्म इंडिकेशन सिग्नलच्या (मागेच बिघाड झाल्याच्या सूचनेच्या) स्थितीत जाणे, आणि एनडीएफचे (नवी किंमत आल्याच्या खुणेचे) चार बिट ०११० ऐवजी १००१ झाले की नवी किंमत तत्क्षणी लागू करणे, या सर्व चाचण्यांत ती चुकली नाही. एनडीएफच्या चारपैकी तीन बिट जुळले तरी ते मान्य करायचे असतात. मी एकेक बिट मुद्दाम बिघडवून पाहिला आणि तिथेही उत्तर बरोबर आले.

या भागात मला सर्वांत आवडलेली गोष्ट डेटाशीटमध्ये एका ओळीत उरकली आहे. पॉइंटर सरकल्याची खूण ओळखण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत पाचपैकी किमान तीन 'आय' बिट उलटे दिसले आणि 'डी' बिटांचे बहुमत उलटे नसले की पॉइंटर पुढे सरकला असे मानतात. दुसऱ्या रीतीत दहापैकी किमान आठ बिट अपेक्षित नमुन्याशी जुळावे लागतात. समजा, ओळीवर एखादा त्रुटींचा झटका आला आणि तीन 'आय' बिटांबरोबर दोन 'डी' बिटही उलटे झाले. पहिल्या रीतीने हे सरकणे मान्य होईल. दुसऱ्या रीतीने दहापैकी सहाच बिट जुळतात, त्यामुळे ते फेटाळले जाईल. खोटे सरकणे मान्य झाले तर व्हीसी-४ ची सुरुवात तीन बाइट चुकीच्या जागी धरली जाते आणि जुनीच किंमत सलग तीनदा येऊन पुन्हा स्वीकारली जाईपर्यंत, म्हणजे सुमारे ३७५ मायक्रोसेकंद, आतला सगळा माल विस्कळीत होतो. ही चिप दोन्ही रीती देते आणि एका बिटाने निवड करू देते. मी दुसरी निवडली. लांबच्या, दमलेल्या फायबरवर झटक्यांत येणाऱ्या त्रुटी हाच नेहमीचा अनुभव असतो, आणि एका झटक्यामुळे नसलेले पॉइंटर-सरकणे जन्माला येऊ नये यासाठी ही सोय मोलाची आहे.

पहिली तक्रारही याच भागातली आहे. एच१ मधील 'एसएस' हे दोन बिट एसडीएचमध्ये १० आणि सोनेटमध्ये (एसडीएचच्या उत्तर अमेरिकी समांतर मानकात) ०० पाठवले जातात. चिप सुरू होताना हे बिट १० आहेत की नाहीत याची सक्तीची तपासणी चालू असते. पलीकडचे उपकरण सोनेटचे असल्यामुळे आमच्या एका दुव्यावर पहिल्याच दिवशी 'पॉइंटर हरवला' हा अलार्म आला. प्रकाशाची पातळी ठीक, फ्रेम ठीक, बी१ आणि बी२ (समता तपासून त्रुटी पकडणारे बाइट) यांचे काउंटर शून्य आणि तरीही माल नाही. या कोड्यात आमचा अर्धा दिवस गेला. तपासणी बंद करण्याचा बिट चिपमध्ये आहे, पण तो पॉइंटरच्या प्रकरणात नसून 'इतर नियंत्रणे' या शीर्षकाखाली पडला आहे. सुरुवातीची स्थिती 'दुर्लक्ष करा' अशी ठेवली असती, तर अनेकांचा वेळ वाचला असता.

आता ज्या प्रसंगामुळे मी या चिपचा पक्षपाती झालो तो प्रसंग. एका ग्राहकाची २.०४८ मेगाबिटची जोडणी होती आणि त्याचे उपकरण त्याच जोडणीवरून आपले क्लॉक घेत असे. ते क्लॉक अधूनमधून सुटत होते. आमच्या बाजूला बी१, बी२ आणि बी३ (व्हीसी-४ साठीचा तसाच बाइट) हे सर्व काउंटर शून्य होते आणि एकही अलार्म नव्हता. साहजिकच आमचे नेटवर्क निर्दोष असल्याचे उत्तर ग्राहकाला गेले, आणि ते उत्तर चुकीचे होते.

या चिपमध्ये पॉइंटर-सरकण्याचे काउंटर दोन ठिकाणी आहेत: एक येणारा पॉइंटर वाचणाऱ्या भागात आणि दुसरा बाहेर जाणारा पॉइंटर लिहिणाऱ्या भागात, आणि दोन्हीकडे पुढचे व मागचे सरकणे वेगवेगळे मोजले जाते. बऱ्याच चिपांत असा भेद नसतो किंवा असला तरी एकाच बाजूचा असतो. आम्ही ते चारही आकडे वाचले. येणाऱ्या बाजूला दोन्ही शून्य. जाणाऱ्या बाजूला एकाच दिशेचे सरकणे, सेकंदाला ११, न चुकता. एका सरकण्यात २४ बिट, म्हणजे सेकंदाला २६४ बिट; व्हीसी-४ चा वेग १५०.३३६ मेगाबिट प्रतिसेकंद धरला तर फरक दशलक्षांत सुमारे १.७५ भाग निघतो. येणारा पॉइंटर स्थिर होता याचा अर्थ व्हीसी-४ आणि त्याला वाहणारी फ्रेम ही दोन्ही एकाच क्लॉकवर तयार झाली होती, आणि ते क्लॉक लगतच्या मागच्या नोडचे होते. आमचे क्लॉक मूळ संदर्भाशी जुळलेले असल्याची खात्री आम्ही करून घेतली. म्हणजे मागचा नोड संदर्भ गमावून स्वतःच्या आंदोलकावर चालत होता.

त्या नोडने अलार्म का दिला नाही, हा पुढचा प्रश्न. मुक्तपणे चालणाऱ्या उपकरण-क्लॉकला दशलक्षांत ४.६ भागांपर्यंतची सूट असते, १.७५ हा आकडा त्या सुटीच्या आत बसतो. शिवाय क्लॉकची प्रत सांगणारा एस१ बाइट त्या नोडवर कोणीतरी कायमचा ००१० असा बसवून ठेवला होता, म्हणजे 'मी सर्वोच्च प्रतीच्या क्लॉकवर आहे' असे तो नोड सतत सांगत होता. आमच्या नोडमध्ये व्हीसी-४ उघडून त्यातले व्हीसी-१२ (एकेका २.०४८ मेगाबिट जोडणीचे छोटे डबे) वेगळे होत असत, त्यामुळे हा फरक टीयू-१२ च्या, म्हणजे त्या छोट्या डब्यांच्या, पॉइंटरवर उतरत होता: व्हीसी-१२ चा वेग २.२४ मेगाबिट प्रतिसेकंद असल्यामुळे सुमारे दर दोन सेकंदांनी एक सरकणे, आणि प्रत्येक सरकणे आठ बिटांचे, म्हणजे ग्राहकाच्या जोडणीवर सुमारे ३.९ मायक्रोसेकंदांचा कलाबदल. शेवटच्या टोकाला जोडणीचा मूळ प्रवाह परत काढणारा डीसिंक्रोनायझर तो झटका पसरवून गुळगुळीत करतो, पण पुरता पुसून टाकू शकत नाही. ग्राहकाचे उपकरण त्या संथ डोलण्याने बेजार झाले होते. मागच्या नोडचा संदर्भ पूर्ववत केल्यावर आमच्या बाजूचा ११ चा आकडा शून्यावर आला आणि ग्राहकाची तक्रार थांबली. जाणाऱ्या बाजूचा तो एक काउंटर नसता, तर दोष कोणत्या नोडवर आहे हे शोधायला प्रत्येक स्थळी मोजमापाचे उपकरण घेऊन जावे लागले असते.

म्हणूनच हे काउंटर आठच बिटांचे ठेवले याचे मला वाईट वाटते. ४.६ भागांच्या कमाल फरकालाही सेकंदाला सुमारे २९ सरकणी होतात, त्यामुळे दर सेकंदाला वाचत राहिले तर २५५ ची मर्यादा पुरते. पण आमचे जुने सॉफ्टवेअर कामगिरीचे आकडे दहा सेकंदांनी गोळा करत असे, आणि दहा सेकंदांत २९० होतात. काउंटर २५५ वर थांबतो, पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही, एवढे तरी बरे; नाहीतर ३४ असा निष्पाप दिसणारा आकडा हाती आला असता.

त्रुटी-मोजणीच्या काउंटरांची रुंदी मात्र विचारपूर्वक ठरवलेली आहे. बी१ मध्ये फ्रेममागे जास्तीत जास्त ८ त्रुटी, म्हणजे सेकंदाला ६४,०००. त्याला १६ बिट पुरतात आणि चिपमध्ये १६ बिटच आहेत. एसटीएम-४ च्या बी२ मध्ये फ्रेममागे ९६, म्हणजे सेकंदाला ७,६८,०००; त्यासाठी २० बिट लागतात आणि २० दिलेले आहेत. बी३ चा हिशेब बी१ सारखाच आहे. शिवाय प्रत्येक काउंटर बिटांऐवजी बाधित फ्रेम मोजण्याच्या पद्धतीवरही लावता येतो. व्हीसी-४ च्या कामगिरीचे निकष बाधित ब्लॉकवर (ब्लॉक म्हणजे एक व्हीसी-४ फ्रेम) आधारलेले असतात आणि सेकंदातील ८००० पैकी ३० टक्के, म्हणजे २४०० ब्लॉक बाधित झाले की तो सेकंद तीव्र बाधित धरला जातो, त्यामुळे ही सोय सॉफ्टवेअरचे बरेच काम हलके करते.

बी१ आणि बी२ यांतील फरक मी एकदा मुद्दाम डोळ्यांनी पाहून घेतला आणि तो इथे सांगण्याजोगा आहे. चाचणी-उपकरणातून दर दहा हजार बिटांमागे एक या प्रमाणात विखुरलेल्या त्रुटी घातल्या. ६२२.०८ मेगाबिटांवर हे सेकंदाला ६२,२०८ चुकीचे बिट होतात. बी२ चा काउंटर सुमारे ५७ हजारांवर स्थिरावला आणि बी१ चा सुमारे २७ हजारांवर. चिप चुकत नव्हती, हे गणिताने पडताळता येते. एसटीएम-४ ची फ्रेम ९७२० बाइटांची असते आणि बी१ चा एकेक समता-बिट तेवढ्या, म्हणजे ९७२० बिटांवर लक्ष ठेवतो. या प्रमाणात त्रुटी आल्या की त्याच्या वाट्याला फ्रेममागे सरासरी एक त्रुटी येते; दोन आल्या तर समता पुन्हा जुळते आणि त्या दोन्ही अदृश्य होतात. बी२ चे समता-बिट ९६ आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला फक्त ८०१ बिट येतात, त्यामुळे तिथे असे लपणे क्वचितच घडते. दुव्याची खालावलेली अवस्था ठरवताना जे बी१ वर विसंबतात, त्यांना बिघाड वाढत जाताना तो निम्म्याहून कमी दिसतो. या चिपमधील सिग्नल खालावल्याचे आणि सिग्नल निकामी झाल्याचे दोन्ही अलार्म बी२ वरच चालतात, आणि तेच योग्य आहे.

त्या अलार्मांच्या मर्यादा बसवणे मात्र कष्टाचे आहे. मोजणीच्या खिडकीची लांबी फ्रेममध्ये आणि मर्यादा त्रुटींच्या संख्येत लिहावी लागते. डेटाशीटमधील तक्ता एसटीएम-१ पुरता आहे. एसटीएम-४ साठी सगळे आकडे आपणच काढायचे. हजार बिटांमागे एक त्रुटी असताना दहा मिलिसेकंदांत, म्हणजे ८० फ्रेमांत, निर्णय व्हावा लागतो, कारण त्यानंतर के१ आणि के२ बाइटांची देवघेव होऊन ५० मिलिसेकंदांत राखीव मार्गावर जायचे असते. एवढ्या नाजूक गोष्टीसाठी तयार आकडे न देणे हा दस्तऐवजातील मोठा दोष आहे.

पलीकडून परत येणारी त्रुटी-संख्या चिप नीट वाचते. जी१ बाइटातील चार बिटांत ० ते ८ एवढ्याच किमती अर्थपूर्ण असतात. ९ ते १५ आल्या तर शून्य मानायच्या असतात. मी १२ पाठवून पाहिले, काउंटर हलला नाही.

वाचनाच्या पद्धतीबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण आम्हाला खरा त्रास तिथे झाला. काउंटर थेट वाचता येत नाहीत. एका रजिस्टरमध्ये काहीही लिहिले की सगळ्या काउंटरांच्या किमती एकाच क्षणी सावली-रजिस्टरांत उतरतात आणि मूळ काउंटर शून्यापासून पुन्हा मोजू लागतात. ही रचना उत्तम आहे, कारण सर्व आकडे एकाच क्षणाचे असतात आणि उतरवताना एकही घटना सुटत नाही. मात्र उतरण्याला काही क्लॉक-चक्रे लागतात. 'काम चालू' हा बिट न पाहता ड्रायव्हरने लगेच वाचले, तर मागच्या सेकंदाचे आकडे हाती येतात. आमच्या पहिल्या ड्रायव्हरमध्ये हीच चूक होती आणि ती आमची होती.

अलार्मांच्या स्थिती-रजिस्टरांचे तसे म्हणता येणार नाही. ती वाचली की पुसली जातात, दुसरा पर्याय नाही. एकदा एका दुव्यावर माल क्षणभर तुटत असे आणि नोंदीत मात्र काहीच सापडत नसे. दोन दिवसांनी उलगडा झाला: शोध घेण्यासाठी आमच्याच एका सहकाऱ्याने दर अर्ध्या सेकंदाला सगळी रजिस्टरे फाइलमध्ये उतरवणारी स्क्रिप्ट चालू ठेवली होती. अलार्म हाताळणारी प्रक्रिया वाचायला येण्याआधीच त्या स्क्रिप्टच्या वाचनाने 'पॉइंटर हरवला' ही खूण पुसली जात होती. त्या फायली उघडल्या तेव्हा हरवलेले सगळे अलार्म तिथे क्रमाने सापडले. जो बिट पुसायचा त्यावर एक लिहा, अशी पद्धत असती तर हे घडलेच नसते. आता आमच्या ड्रायव्हरमध्ये स्थिती-रजिस्टर वाचण्याचा अधिकार एकाच प्रक्रियेला आहे आणि बाकी सर्वांना तिने ठेवलेली प्रत मिळते.

पॉइंटर लिहिणाऱ्या भागातील साठवण-बफरबद्दलही डेटाशीट मोघम आहे. एयू-४ साठी वरच्या आणि खालच्या मर्यादेत किमान १२ बाइटांचे अंतर असावे लागते, म्हणजे क्लॉक किंचित मागेपुढे झाले तरी पॉइंटर विनाकारण हलत नाही. मी येणाऱ्या क्लॉकवर संथ डोल घालून पाहिले आणि अंतर पाळलेले आढळले. बफर भरून वाहिला किंवा रिकामा झाला तर काय होते, हे कुठेही लिहिलेले नाही. प्रयोगाने कळले की चिप बफर मध्यावर आणते आणि एनडीएफसह नवी किंमत पाठवते. हे योग्यच आहे, पण वापरणाऱ्याला ते प्रयोगाने कळावे लागू नये.

ज्यांना फक्त बिंदू ते बिंदू दुवा चालवायचा आहे आणि दोन्ही टोके एकाच क्लॉकवर आहेत, त्यांना यापेक्षा साधी चिप पुरेल. ज्यांच्या कार्डातून माल अनेक नोड ओलांडून पुढे जातो, त्यांनी जाणाऱ्या बाजूच्या पॉइंटर-काउंटरसाठी तरी हिचा विचार करावा. उत्पादकाकडे मी तीन मागण्या लेखी कळवल्या आहेत: पॉइंटरचे काउंटर १६ बिटांचे करावेत, लिहून पुसण्याची सोय द्यावी आणि एसटीएम-४ च्या मर्यादांचा तक्ता छापावा. तिसरी मागणी मान्य झाल्याचे उत्तर आले आहे. पुढच्या कार्डाच्या आराखड्यातही मी हीच चिप ठेवली आहे, आणि त्या कार्डाचे सॉफ्टवेअर पॉइंटरचे चारही आकडे दर सेकंदाला वाचून पंधरा मिनिटांच्या नोंदीत बी१, बी२ आणि बी३ च्या शेजारी मांडणार आहे.